वजनावर घेतलेला सर्व्हर

तळवड्याच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आवाजाला कधी तोटा नव्हता. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये पत्र्याचे वॉशर पाडणारी प्रेस होती, ती सकाळी सुरू झाली की भांड्यांची मांडणी हलायची. आई भाकरी थापायला बसली की तिची थाप आणि प्रेसचा ठोका मधूनच एकत्र पडायचे आणि आई स्वतःशीच हसायची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, चाकणच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला फिटर होते. फर्स्ट शिफ्ट असली की त्यांची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न द्यायची आणि अण्णा एका हातात डबा, दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं लावत पळायचे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्या दिवशी प्रेस बंद. मग आई सुशीला करायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वरून दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. लातूरकडची माणसं कुठेही गेली तरी सुशीला सोडत नाहीत. इकडचे लोक तिला पोहे समजून खायचे आणि गोंधळायचे. तर अशा या घरात मी एक वस्तू आणली, जिने प्रेसलाही मागे टाकलं. आज इतक्या वर्षांनी त्या वस्तूबद्दल लिहायला बसले आहे ते काही हळवी होऊन नाही. मला तिचा गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

आधी ताईचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यासाठी होतं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करून भोसरीत एका ऑफिसात ड्रॉइंग काढायची. मग व्यंकटमामांनी, आईच्या थोरल्या भावाने, गावाकडचं स्थळ आणलं आणि लग्न झालं. सासरी तिला काम करू देत नव्हते, एवढ्यावर थांबलं असतं तर ताई कदाचित राहिली असती. तिच्यावर हात उगारला गेला. पंचमीला म्हणून माहेरी आली ती परत गेलीच नाही. अण्णांनी तिला एक शब्द विचारला नाही. पण मामा दर सणाला फोन करायचे, पोरगी कधी धाडता म्हणून. अण्णा म्हणायचे, "बघू." आमच्या अण्णांचं हे "बघू" फार वाईट होतं. त्यात होही बसायचं आणि नाहीही.

ताईने घरीच काम धरलं. चाकणच्या कंपन्यांना वेल्डिंगचे जिग आणि फिक्स्चर, म्हणजे वेल्डिंग करताना सुटे भाग जागच्या जागी धरून ठेवणारे सांगाडे, करून देणारी लहान लहान वर्कशॉप आमच्या आसपास खूप होती. नोकरीवर ड्राफ्ट्समन ठेवणं त्यांना परवडत नाही, ते काम बाहेर देतात. ताईचा कॉम्प्युटर जुना होता, मोठं ड्रॉइंग उघडलं की तो बंद तरी पडायचा नाहीतर विचार करत बसायचा. एकदा त्याची हार्ड डिस्कच बसली आणि एका वर्कशॉपचं सगळं काम गेलं. मालकाने काम देणं थांबवलं. त्या दिवशी ताई मोरीत नळ मोठा सोडून रडली. बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू आलं, आणि मला इतका राग आला की मी ठरवून टाकलं, ताईचं एकही ड्रॉइंग यापुढे एकाच डिस्कवर राहणार नाही.

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते. सर्व्हर म्हणजे काय, तो रात्रंदिवस कसा चालतो, त्यात एकच गोष्ट दोन डिस्कवर एकाच वेळी कशी लिहिली जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. नवा विकत घेणं आमच्या सात पिढ्यांत बसलं नसतं. पण तळवड्यात आयटी पार्क होता, आणि तिथल्या कंपन्या जुनी यंत्रं टाकून द्यायच्या तेव्हा ती कुदळवाडीच्या भंगारात यायची. एका गुरुवारी मी अण्णांच्या मागे स्कूटरवर बसून कुदळवाडीला गेले. तिथे एका गोडाऊनमध्ये रद्दीच्या गठ्ठ्यांआड तो पडला होता. काळा, चपटा, पुढे डिस्कचे चार कप्पे, त्यातल्या एकातच डिस्क. मी त्याचं झाकण उघडून आत डोकावले. भंगारवाल्याने मेमरीच्या पट्ट्या आधीच काढून घेतल्या होत्या, त्यांवरच्या सोन्यासाठी. बाकी सगळं जागेवर होतं. मी चेहरा शक्य तितका पडेल ठेवला. अण्णांनी विचारलं, "काय भाव?" भंगारवाला म्हणाला, "भाव कसला भाऊ, काट्यावर ठेवा." आणि खरोखर त्याने सर्व्हर वजनकाट्यावर ठेवला. ज्याच्यावर एखाद्या परदेशी बँकेचे हिशेब चालले असतील, तो आम्ही लोखंडाच्या भावात घेतला. अण्णा वजनावरूनही घासाघीस करत होते. "आतला पंखा प्लास्टिकचा हाय की, त्याचं वजन वजा करा." मी त्यांच्या शर्टाला मागून ओढत होते.

घरी आणून सुरू केला तेव्हा आईने दोन्ही कान झाकले. "अगं माय, हे काय आणलीस? इमान उतरायलंय का घरात?" सर्व्हरचे पंखे माणसांसाठी बनवलेलेच नसतात. ते थंड बंद खोलीत राहायचे, जिथे ऐकायला कोणी नसतं. आमच्याकडे तो बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, देवांच्या फळीच्या बाजूला राहिला, कारण वारा तिथेच होता. तिथेच आम्ही जेवायचो आणि तिथेच मी आणि ताई झोपायचो. ताई काम आपल्या दुरुस्त करून घेतलेल्या कॉम्प्युटरवर करायची, पण ड्रॉइंग ठेवली जायची ती थेट सर्व्हरवर.

मग त्याला सुधारायला घेतलं, आणि ते दिवस मला सगळ्यांत आवडतात. पैसे बेताचे, म्हणून एका वेळी एकच गोष्ट. मेमरी मी दापोडीच्या एका रिपेअरवाल्याकडून जुनी मिळवली. तो एक पट्टी द्यायचा, मी घरी येऊन लावून बघायची, चालली तर पुढच्या आठवड्यात दुसरी. चार-पाचदा बस बदलून गेल्यावर तो म्हणाला, "तुम्हीच दुकान टाका आता." आमच्या भागात हवेत पत्र्याची आणि ग्राइंडिंगची बारीक काळी धूळ असते, ती पंख्यांतून आत जायला लागली. आईने जुनी मच्छरदाणी कापली, दुहेरी करून तिला शिवण घातली आणि पुढच्या जाळीवर बसवायला एक झगाच शिवला. आठवड्याला ती तो उतरवून धुवायची आणि वाळत घालायची. दोरीवर आमच्या कपड्यांत सर्व्हरचा झगा. अण्णांनी मशीनखाली घालतात तसे रबराचे पॅड आणून बसवले, त्याने फरशीची घरघर कमी झाली. पंख्यांची तशीच राहिली.

आवाज कमी करणारे दुसरे पंखे मिळत होते. सगळ्या घराचं एकमत होतं की पुढचे पैसे पंख्यांनाच घालायचे. मी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्यातून साठलेले माझ्याकडे होते. मी जाऊन दुसरी डिस्क आणली, कोरी. घरात जो काही तमाशा झाला! ताईसुद्धा म्हणाली, "अगं एक डिस्क चालतीय ना? इतके महिने काही झालं नाही. कानाला तरी सुख दे." आई म्हणाली, "हिला आमचा आवाज आवडत नाही म्हणून हिने हे आणलंय." मी कोणाचं ऐकलं नाही. मी तेव्हाही हट्टी होते आणि आता तर वयाची सूट मिळते. नवी डिस्क बसवली, जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवलं, आणि पुढे जे लिहिलं जाईल ते दोन्हीवर लिहिलं जाईल असं करून ठेवलं. एकदा एक डिस्क मुद्दाम काढून तपासायचं माझ्या मनात होतं, पण ताईने कप्प्याला हात लावू दिला नाही. चालतंय ते चालू दे म्हणाली. त्यामुळे पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं आणि प्रत्यक्षात काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं.

घरमालक तात्यांची वेगळी तऱ्हा. ते मूळचे तळवड्याचेच, शेतं गेली आणि खोल्या आल्या. भाड्यात लाइट धरलेली होती. महिन्याने तात्या दारात उभे. "आवं, घरात गिरण घातलीया का काय? मीटर भिंगरीवानी फिरतोय न्हवं!" अण्णांनी त्यांना आत बोलावून सर्व्हर दाखवला. तात्यांनी वाकून बघितलं, झग्याला हात लावला. "आन् ह्यो काय काम करतो?" ताई म्हणाली, "माझी ड्रॉइंग सांभाळतो." तात्यांनी झगा पुन्हा नीट बसवला. मग म्हणाले, "सांभाळू द्या. पर मीटर तेवढा येगळा बशीवा." आम्ही वेगळा मीटर बसवला आणि तात्या येताजाता विचारायला लागले, "काय म्हणतोय तुमचा गडी?"

आणि गडी चालत राहिला. ताईचं काम वाढलं. त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर शिंदेशेठ नावाच्या वर्कशॉपवाल्याने तिला पहिल्यांदा पूर्ण फिक्स्चर दिलं, एका वेल्डिंग लाइनचं, सुट्या भागांसकट. म्हणाले, हे नीट झालं तर यापुढे आमचं सगळं डिझाइन तुमच्याकडे. फक्त एक अट. आमच्या भागात नवं काम दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करतात. दसऱ्याला सकाळी शेठ मशीनला नारळ फोडणार आणि ताईच्या ड्रॉइंगवर पहिला लोखंडाचा तुकडा कापणार. मुहूर्त चुकला तर काम दुसऱ्याकडे, आणि अपशकुन झाला तो वेगळाच. इकडे मामांनीही फोन केला की दसऱ्याला येतो, पोरीला घेऊनच जातो, सासरचे तयार आहेत. अण्णा फोनवर म्हणाले, "या. दसऱ्यापर्यंत बघू." फोन ठेवल्यावर ते ताईकडे न बघता बाहेर गेले. त्या घरात न बोलताही सगळ्यांना कळलं होतं. ताईचं काम उभं राहिलं तर अण्णांना मामांसमोर उभं राहता येणार होतं. नाहीतर ते "बघू" मामांच्या बाजूने पडलं असतं. ताई दिवसभर मान मोडून बसायची, आणि नवमीच्या दुपारी ड्रॉइंग पुरी झाली. सकाळी फक्त छापून न्यायची होती. मी आणि ताई झेंडू आणायला बाजारात गेलो. मला आठवतं, ताईने त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी केसांत फूल घातलं होतं.

परत आलो तर घर गप्प. आधी मला कळेचना की काय चुकतंय. मग लक्षात आलं, सर्व्हर बंद होता. त्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यांत या दिवशी मशीन धुतात, तेलपाणी करतात, हार घालतात, आणि पूजा झाल्यावर दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत. अण्णा कंपनीतल्या सगळ्या प्रेसची पूजा करून, कपाळाला गुलाल लावूनच घरी आले होते. आणि घरातलं यंत्र तसंच राबतंय हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी बटण दाबून त्याला रीतसर बंद केलं होतं, ओल्या फडक्याने पुसलं होतं, हळदकुंकू लावलं होतं, झग्यावर झेंडूची माळ घातली होती. पुढ्यात नैवेद्याची कडाकणी ठेवली होती. "वर्षभर न थांबता राबलंय," अण्णा म्हणाले. "आज त्याला बी सुट्टी. उद्या चालू करू." मला खरं सांगायचं तर फार छान वाटलं. माझ्या भंगाराला अण्णांनी कंपनीच्या प्रेसच्या रांगेत बसवलं होतं. ताईही हसली. संध्याकाळी मामा आले, जेवले, आणि झोपताना म्हणाले, "घर शांत आहे हो तुमचं."

सकाळी आंघोळी झाल्या, दाराला तोरण लागलं, पुरण शिजत होतं. ताई नवी साडी नेसून तयार. अण्णांनी सर्व्हरला नमस्कार केला आणि मी बटण दाबलं. पंखे गरजले. मामा दचकून उठले. स्क्रीनवर दोन ओळी आल्या आणि पुढे काहीच नाही. मग जुन्या डिस्कच्या कप्प्यातून आवाज यायला लागला. टक. टक. टक. मला तो आवाज ओळखीचा होता, ताईलाही होता. तिच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क गेली तेव्हा अगदी असाच आला होता. ताई भिंतीला टेकली.

जुन्या डिस्कचं असं असतं की वर्षानुवर्षं फिरत असते तोवर ती फिरत राहते. एकदा थांबली, थंड झाली, की कधी कधी पुन्हा उठत नाही. हे मला त्या सकाळी कळलं, नंतर वाचलंही. तेव्हा मी अण्णांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं बंद करायला? हे काय प्रेस आहे?" अण्णा गुडघ्यावर बसले होते, कपाळाला अजून आदल्या दिवशीचा गुलाल. त्यांनी फक्त विचारलं, "बेअरिंग जाम झालं का?" मी म्हटलं, "हो, तसंच." त्यांचा चेहरा इतका पडला की माझा राग तिथल्या तिथे संपला. पूजा केली म्हणून नुकसान व्हावं, हे त्यांच्या हिशेबात कधी नव्हतंच. मामा मागून म्हणाले, "जाऊ द्या हो. यंत्रच ते. पोरीबाळींनी कशाला यात पडावं?" आईने स्वयंपाकघरातून पळी आपटली.

मी सर्व्हर बंद केला, झेंडूची माळ काढून देवांसमोर ठेवली आणि जुन्या डिस्कचा खटका दाबला. ताई म्हणाली, "काढू नकोस." मी म्हटलं, "ताई, ही मेलीय. दुसरी जिवंत असेल तर हिच्यामुळे अडलीय." खरं तर मला खात्री नव्हती. पण कोणीतरी खात्रीने बोलायला हवं होतं. मी डिस्क बाहेर ओढली. हातात ती थंडगार लागली. अण्णांनी दोन्ही हात पुढे केले आणि मी ती त्यांच्या हातात दिली. पुन्हा बटण. पुन्हा पंखे. स्क्रीन काळी, मग ओळी. ओळी थांबल्या तिथेच पुन्हा थांबल्या. आई हातातली पुरणाची वाटी तशीच घेऊन दारात उभी. पलीकडे प्रेस बंद, रस्त्यावर कुणाच्या तरी नव्या गाडीला हार घालत होते, त्याची बडबड ऐकू येत होती. मी मनात कोणता देव आठवला ते सांगणार नाही, पण आठवला. मग ओळी हलल्या. एक लाल ओळ आली, की एक डिस्क जागेवर नाही. आणि तिच्या खाली, की दुसरी आहे, आणि तिच्यावर सगळं आहे. ताईचं फिक्स्चर उघडलं. प्रत्येक तुकडा, प्रत्येक भोक, प्रत्येक माप. काल दुपारी शेवटची दुरुस्ती केली होती ती सुद्धा. मी ओरडले की रडले ते आठवत नाही. ताईने मला धरून इतकं घट्ट आवळलं की माझी बांगडी फुटली.

आजकालची पोरं मला म्हणतात, तुम्ही घरात कशाला ठेवायचात हे सगळं? बरोबर आहे त्यांचं. मी नंतर आयुष्यभर मोठमोठ्या यंत्रांच्या खोल्या सांभाळल्या, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं देशोदेशी आहेत. पण पंख्यांचे पैसे दुसऱ्या डिस्कला घातले, ती नुसती पुस्तक वाचून आणि हट्टाने घालून ठेवली, आणि ऐन दसऱ्याला तिने माझ्या बहिणीला सावरलं, याच्या तोडीचं काम मला पुन्हा जमलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मी कोणी मोठी इंजिनीअर नव्हते, पण होणार आहे हे मला त्या दिवशी कळलं. आधी मी सगळं ताईच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, मग छापलं. ताईने गुंडाळी केली, पदर खोचला आणि अण्णांच्या स्कूटरला स्वतःच किक मारली. अण्णा म्हणाले, "हळू जा," आणि बाजूला झाले.

ती गेली तरी आम्ही जेवायला बसलो नाही. शेवटी शिंदेशेठच्या वर्कशॉपमधून तिचा फोन आला. नारळ फुटला होता, पहिला तुकडा कापला होता, माप बसलं होतं. मागे मशीनचा आवाज येत होता आणि कोणीतरी मोठ्याने म्हणत होतं, पेढा द्या मॅडमला. आईने फोन कानाला तसाच धरून ठेवला, बोलणं संपल्यावरही. मग तिने पानं वाढली. अण्णांचं पान तिने आधी वाढलं, सकाळपासून ते काही खात नव्हते. त्यांनी पोळीचा पहिला घास घेतला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मामा हात धुऊन आले, पाटावर बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "दाजी, चारची एसटी हाय. पोरगी आली की तिची बॅग भरा. सासरचे वाट बघायलेत."

अण्णांनी पोळीवर तूप घेतलं. सावकाश. "व्यंकटराव, तुम्ही जेवून निघा," ते म्हणाले. "तिला यायला जमायचं नाही. तिची ड्यूटी हाय."

आमच्या घरात ड्यूटी फक्त अण्णांची असायची. बाकी आम्ही करायचो ती कामं. मामांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "ड्यूटी? कोणत्या कंपनीत लागली ती?"

"तिच्याच," अण्णा म्हणाले. खिडकीखाली सर्व्हर एका डिस्कवर गरजत होता, म्हणून त्यांना जरा मोठ्याने बोलावं लागलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात ज्या आवाजात कधी माझ्याबद्दल बोलले नव्हते त्या आवाजात मामांना म्हणाले, "आन् ही तिथं मेन्टेनन्सला हाय."